सावरायला लागणारा वेळ

आमच्या घरची जायफळे आणि मिरी वर्षानुवर्षे सावई वेऱ्याच्या वाटेवरच्या एका कुळागरातून, म्हणजे सुपारी-मसाल्यांच्या बागेतून, येतात. त्या कुळागराचे मालक, ज्यांना मी काका म्हणते, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून लॅब्राडॉर रिट्रीव्हर पाळतात आणि त्यांची पैदासही करतात. त्यांची नात माझ्या वर्गात होती, म्हणून ते मला बाई म्हणतात. गेल्या दिवाळीनंतर मी गेले तेव्हा सोप्यावर एक काळी मादी पहुडली होती. मला पाहून ती उठली, अंग ताणले आणि शेपूट हलवत सावकाश जवळ आली. कुत्र्यांतले फारसे न कळणाऱ्या माणसानेही थांबून पाहावे असे ते जनावर होते. रुंद कपाळ, तपकिरी शांत डोळे, मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली शेपूट, आणि उन्हात निळसर झाक मारणारी आखूड, दाट लव. भिंतीवर डॉग शोमधल्या फिती टांगलेल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा तिच्याच होत्या. मी सहज विचारले, "काका, हिची पिल्ले कधी?" तराजूवरची नजर न काढता ते म्हणाले, "हिची पिल्ले नाहीत, बाई. हिचे ऑपरेशन करून घेतले."

कारण होते नरकासुराची रात्र. दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्याच्या वाड्यावाड्यांवर काय चालते ते गोमंतकीय वाचकाला सांगायला नको. पहाटेपर्यंत ते ध्वनिक्षेपक, तो दणदणाट आणि शेवटी नरकासुराच्या पुतळ्याच्या दहनाच्या वेळचे फटाके. घरातली सगळी कुत्री घाबरली. या मादीची सख्खी बहीण, एकाच वेतातली, तीही खाटेखाली जाऊन बसली होती. मात्र अभ्यंगस्नाने उरकून पोह्यांचा वास सुटला तशी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. ही मात्र तीन दिवस दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती. दुसऱ्या वर्षीही तेच झाले आणि काकांनी निर्णय घेतला. "घाबरायचे सगळ्यांनीच असते," ते म्हणाले. "मी पाहतो ते सावरायला किती वेळ लागतो ते."

परतीच्या वाटेवर मला हे काही केल्या पटेना. माणसाच्या बाबतीत आपण असा हिशेब मांडू का, हा प्रश्न तर आलाच. पण त्याहून जास्त टोचत होते ते निर्णयाचे प्रमाण. नाक उत्तम, पाण्याची आवड, माणसांशी मायाळू, सांधे निर्दोष, रूप असे की परीक्षकाने हात फिरवतानाच मान डोलवावी. इतके सगळे जुळून आलेले असताना वर्षातल्या एका रात्रीसाठी तो वंश तिथेच संपवायचा, हे मला चोखंदळपणापेक्षा हट्टासारखे वाटले. त्यातून पैशाचाही प्रश्न होता. अशा मादीच्या एका वेताला सहा ते आठ पिल्ले होतात आणि फिती मिळवलेल्या आईच्या पिल्लांना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. काकूंनीच एकदा हसत हसत सांगितले होते की या कुत्र्यांचा खर्च सुपारी भागवते, सुपारीचा खर्च कुत्री कधीच भागवत नाहीत.

या सगळ्याकडे पाहण्याची माझी नजर मात्र कोरी नव्हती. लहानपणी मामाच्या घरी एक पिवळा लॅब्राडॉर होता. कुठल्याशा दुकानातून आणलेला, गोल गरगरीत, घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या ताटाकडे पाहणारा. वर्षभरातच तो बसताना मागचे पाय एका बाजूला टाकू लागला. पुढे पावसाळ्यात गुळगुळीत लाद्यांवरून उठताना त्याचे मागचे पाय पसरत जात आणि तो आमच्याकडे असा पाही की जणू काही गुन्हा केला आहे. मामी त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून त्याला उचलून अंगणात नेत असे. तो स्वभावाने इतका गोड होता की त्याला वेदना होत असतील हे आम्हां मुलांना बराच काळ उमगलेही नाही. ही आठवण मी काकांना सांगितली तेव्हा ते आत गेले आणि एका मोठ्या लिफाफ्यातून एक्स-रे घेऊन आले.

खिडकीच्या उजेडात धरलेला तो एक्स-रे मी पहिल्यांदाच नीट पाहिला. कुत्र्याला पाठीवर निजवून मागचे पाय सरळ ताणून घेतलेला. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसतो, तो उखळीचा सांधा. चांगल्या सांध्यात तो माथा खोलवर, चहूबाजूंनी सारख्या काळ्या रेषेने वेढलेला दिसतो. काकांनी दुसरा एक्स-रे शेजारी धरला: खोबण उथळ, माथा एका बाजूने चपटा, आणि दोहोंमधली फट वरच्या अंगाला रुंद होत गेलेली. हा नर त्यांनी मोठ्या हौसेने लांबून आणला होता. दोन वर्षांचा होईपर्यंत थांबले, कारण त्याआधी सांध्याबद्दल पक्के काही सांगता येत नाही. अमेरिकेत 1966 पासून अशा सांध्यांची नोंदवही ठेवणारी संस्था आहे आणि तीही दोन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र देत नाही. एक्स-रे आला, आणि त्या नराचे काम घरची राखण एवढेच उरले. आईबापांचे सांधे उत्तम असले म्हणून सगळ्या पिल्लांचे उत्तम निघतीलच असे नाही. अनेक जनुके आणि वाढीच्या वयातले खाणे असे सगळे त्यात गुंतलेले असते. ज्यांचे सांधे ठाऊकच नाहीत अशांची जोडी लावणे मात्र त्यांना मान्य नाही.

खाण्याचा विषय निघाला की काका जास्तच बोलतात. लॅब्राडॉर खादाड असतो, ही आपण कौतुकाने सांगायची गोष्ट; पण 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिले की सुमारे पाव हिस्सा लॅब्राडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यांना पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. गंमत अशी की अपंगांच्या मदतीसाठी शिकवून तयार केलेल्या कुत्र्यांत हा बदल कितीतरी जास्त प्रमाणात सापडला. खाऊसाठी जीव टाकणारे कुत्रे लवकर शिकते, शिकणारे कुत्रे निवडले जाते, आणि निवडणाऱ्याच्या नकळत भूकही पिढीमागून पिढी निवडली जाते. हे ऐकल्यावर मला त्या काळ्या मादीच्या प्रकरणाकडे वेगळ्या बाजूने पाहावेसे वाटले. पैदास करणारा एका गुणावर बोट ठेवतो तेव्हा त्याच्या मुठीत आणखी काय काय आले हे त्याला दिसत नसते. त्यामुळे काकांना भीती वाटते ती अवगुणांची नव्हे, एकाच गुणाच्या मोहाची. बाकी खादाडीवर त्यांचा उपाय साधा आहे. वजनकाटा. 24 जोड्यांमधल्या 48 लॅब्राडॉरांवर चाललेल्या एका दीर्घ अभ्यासात जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिले गेले, आणि कमी खाणारी भावंडे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली, सांधेही उशिरा दुखू लागले. तेव्हापासून त्या घरात पाहुण्यांनी सोप्यावर बसून पाव मोडून घालायला बंदी आहे. मी पाहुणी म्हणून ही बंदी एकदा मोडायचा प्रयत्न करणार होते, पण काकूंची नजर पाहून हात मागे घेतला.

एकाच गुणाच्या मोहाने या जातीचे काय झाले ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर जाळी ओढणारे आणि गळाला लागून सुटलेले मासे पकडून आणणारे काळे पाणकुत्रे एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या उमरावांकडे आले, आणि माम्सबरी व बक्लू या घराण्यांनी त्यांचा वंश जपला. 1903 मध्ये ब्रिटिश केनेल क्लबने लॅब्राडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तेव्हा शिकारीत पडलेला पक्षी उचलून आणणारे कुत्रे आणि शोच्या रिंगणात उभे राहणारे कुत्रे एकच होते. पुढे वाटा फुटल्या. एकीकडे शोसाठी जड हाडाचे, आखूड पायांचे, भरदार लॅब्राडॉर. दुसरीकडे शिकारीच्या स्पर्धांसाठी सडपातळ, वाऱ्याच्या वेगाचे, पण घरात घटकाभरही स्वस्थ न बसणारे. पहिल्याला टेकडी चढवत नाही, दुसऱ्याला टेकडीवरून खाली उतरवता येत नाही. अतिश्रमाने मागचे पाय लुळे पडून कोसळण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याचे जनुक 2008 मध्ये सापडले, आणि तो कामाच्या वंशावळीत अधिक आढळतो. शोमधल्यांचा त्रास लठ्ठपणा आणि सांधे. दोन्ही गुण एका कुत्र्यात असले पाहिजेत हा आग्रह धरणाऱ्या कुत्रापाळांमध्ये काका लॉर्ना नावाच्या काउंटेस हाऊ यांचे नाव आदराने घेतात. 1916 मध्ये लॅब्राडॉर रिट्रीव्हर क्लब स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या आणि त्यांचा बँकोरी बोलो हा शो आणि शिकार या दोन्हीकडे विजेता ठरलेला पहिला लॅब्राडॉर.

बोलोची गोष्ट मात्र मी काकांविरुद्ध वापरली. तो काउंटेस हाऊंकडे आला तेव्हा आधीच्या हातांनी वाया गेलेला, कोणाला न आवरणारा कुत्रा होता. त्या वेळी कोणी सावरायला लागणारा वेळ मोजला असता तर बोलो बाद झाला असता आणि आजच्या कित्येक लॅब्राडॉरांचा पूर्वजच नाहीसा झाला असता. काका काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बोलोला माणसांनी दुखावले होते, म्हणून माणसांनी तो बरा केला. हिला इथे कोणीच दुखावले नाही." हे उत्तर मला चपखल वाटले खरे, पण संपूर्ण पटले असे नाही. दुखावणे म्हणजे काय, हे कुत्र्याच्या बाजूने आपण कसे ठरवणार? सहाव्या आठवड्यात गडगडलेला एखादा ढग, निसटून आदळलेले एखादे पातेले यांची नोंद कोणाच्याही वहीत नसते.

नोंदी ठेवण्यात मात्र काका कसूर करत नाहीत. बाळंतिणीच्या खोलीत लाकडी पेटी आहे, तिच्या आतल्या कडेने वीतभर उंचीवर दांडी बसवलेली, म्हणजे आई कूस बदलताना भिंतीशी गेलेले पिल्लू चेंगरत नाही. जन्मताच प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाच्या लोकरीचा सैल धागा. मी पाहिलेल्या वेतात तांबड्या धाग्याचे पिल्लू सर्वांत लहान होते. काकू त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवत, आकडा म्हणत आणि काका वहीत उतरवत. आठ-दहा दिवसांत जन्माचे वजन दुप्पट झाले नाही तर काहीतरी बिघडले आहे. तांबड्याच्या ओळीपुढे एका सकाळी वजन आदल्या दिवसाइतकेच आले, तेव्हा त्या दोघांत जी मूक हालचाल झाली ती अनुभवी घरातच दिसते. काकूंनी त्याला उचलून मागच्या, जास्त दूध येणाऱ्या आचळाशी लावले आणि दांडगट हिरव्याला बाजूला धरून ठेवले. पिल्लाच्या पोटाला येणारा तो दुधाचा, ओल्या कापडाचा आणि थोडासा मेथीचा वास घरी परतल्यावरही माझ्या हातांना येत होता.

मग तिसऱ्या आठवड्यापासून शाळा. अमेरिकेत बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांची अनेक वर्षे जी निरीक्षणे केली त्यांतून दिसून आले की तिसऱ्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी ओळख करून घेते आणि त्या काळात जे भेटले नाही त्याचा पुढे धसका बसतो. काकांच्या घरी ही ओळख अगदी घरगुती रीतीने होते. गुळगुळीत लादी, शेणाने सारवलेले खळे, पोफळीच्या झावळ्या, वाजणारा पत्रा यांवरून पिल्ले चालवली जातात. मिक्सर, कुकरची शिट्टी, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा, शेजारच्या मुलाचे घुमटवादन. एकदा मी असताना काकांनी मुद्दाम स्टीलची थाळी फरशीवर टाकली. सातही पिल्ले दचकली. पाच लगेच थाळीकडे धावली, एक आईच्या पोटाशी जाऊन परत आले, आणि सातवे पेटीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून राहिले. काकांनी त्याला उचलले नाही, हाकही मारली नाही. बराच वेळ गेला. शेवटी ते हळूहळू आले आणि थाळीची कड चाटू लागले, तेव्हा काकांनी घड्याळ पाहून वहीत काहीतरी लिहिले.

वहीचे महत्त्व त्यांना का वाटते ते गोल्डन रिट्रीव्हरच्या इतिहासावरून कळते. हा सोनेरी वंश रशियन सर्कशीतल्या कुत्र्यांपासून आला अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली जात होती. 1952 मध्ये हा वंश घडवणाऱ्या लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या केनेलच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आणि सर्कस संपली. 1868 मध्ये स्कॉटलंडमधल्या गिसाकन इथे नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल मादी यांचे पहिले वेत झाल्याचे त्यांत लिहिलेले होते. काकांच्या वहीत पुरस्कारांसाठी पान नाही. कोणाचे कान जुलैत चिघळले, कोणाची लव ओली राहून कातडीवर चट्टा उठला, कोणाला गोचिडांचा ताप आला आणि कोण त्यातून लवकर उठले, हे सगळे मात्र आहे. थंड पाण्यासाठी घडलेल्या दुहेरी लवेच्या कुत्र्याला कोकणच्या पावसात राहायचे आहे, तर इथल्या चिकचिकीत ज्याची कातडी टिकते तो त्यांना हवा.

नात्याचा हिशेबही त्याच वहीत. चुलत किंवा मावस भावंडांच्या जोडीतून झालेल्या पिल्लांत सव्वासहा टक्के, सावत्र भावंडांच्या साडेबारा, सख्ख्या भावंडांच्या पंचवीस टक्के अंतःप्रजनन येते, हे मला शाळेत शिकवतानाही इतके स्पष्ट कळले नव्हते. म्हणून दृष्टी जाण्याच्या आनुवंशिक आजाराचे दोषी जनुक नुसते वाहणाऱ्या, पण स्वतः निरोगी असलेल्या कुत्र्याला ते बाद करत नाहीत. निर्दोष जोडीदाराशी त्याची गाठ घातली तर एकही पिल्लू आंधळे होत नाही. असे सगळेच वाहक काढून टाकले तर उरलेल्यांत नातेवाईकच उरतील. इथे त्यांची उदारता आणि त्या काळ्या मादीच्या बाबतीतली कठोरता यांचा मेळ मला आधी लागत नव्हता. आता थोडा लागतो: जनुकाची चाचणी आहे, भीतीची नाही. जे मोजता येते त्याला वळसा घालून जाता येते; जे मोजता येत नाही ते पिल्लांच्या हवाली करायला त्यांचा हात धजत नाही.

कायद्याने फार काही मागितलेले नाही. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, अठरा महिन्यांच्या आतल्या किंवा आठ वर्षांवरच्या मादीची जोडी लावायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते घ्यायची नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचे नाही. काका एका मादीकडून दोन, फार तर तीन वेते घेतात. जाहिरात करत नाहीत.

आणि काम? वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे शिकार नाही, मग पडलेला पक्षी आणायचा कुठून? भात कापून झाले की काका कुत्र्यांना मडकईकडच्या खाडीकाठच्या खाजन शेतांत नेतात. सोबत गोणपाटात काथ्या कोंबून शिवलेले, चांगले वजनदार गाठोडे. खाडीत ते टाकत नाहीत, कारण कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरींशी त्यांचे काही वैर नाही. बांधाच्या आतल्या साचलेल्या पाण्यात टाकतात. कुत्र्याने ते पडताना पाहायचे, सांगेपर्यंत बसून राहायचे, चिखल तुडवत जायचे आणि हातात आणून द्यायचे. पोत्यावर दाताचे व्रण आहेत का ते काका बोटाने चाचपून पाहतात. मी पाहिले त्या दिवशी एका तरुण नराने ते गाठोडे आणता आणता बांधावर बसलेल्या बगळ्याकडे पाहिले, थबकला, तोंडातले सोडले नाही, आणि पुन्हा आमच्या दिशेने निघाला. काकांच्या चेहऱ्यावर कुठल्याही फितीने आले नसते असे समाधान होते. रिंगणात याचा पाठीचा उतार जरा जास्त म्हणून गुण कमी होतात, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

त्यांच्याकडे पिल्लू गिऱ्हाईक निवडत नाही, काका निवडतात. मडगावच्या एका वयस्कर जोडप्याला सर्वांत धीट पिल्लू हवे होते, त्यांना त्यांनी सर्वांत आळशी दिले आणि ते आता त्याच्याशिवाय कुठे जात नाहीत. कोणाला सांभाळणे जमले नाही तर कुत्रे दुसऱ्याला न देता, कितीही वयाचे असो, परत इथेच आणायचे, ही अट लेखी असते. माझा भाचा पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो, दिवसभर कचेरीत असतो, आणि त्याला माझ्या ओळखीने पिल्लू हवे होते. काकांनी त्याला पगार विचारला नाही. सकाळी किती वाजता उठतोस ते विचारले. मग सांगितले, आधी एक पावसाळा दर रविवारी येऊन मोठ्या कुत्र्यांना फिरवायला ने, मग बोलू. भाचा आठवडाभर धुसफुसला आणि नंतर जाऊ लागला. आता त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर ओल्या कुत्र्याचा असा वास बसला आहे की माझी बहीण तीत बसत नाही. काकांनी अजून होकार दिलेला नाही.